‘अजून फोटो पाठवा’ म्हणणारे पाहुणे

प्रश्न : ताई, नमस्कार. अक्कलकोट रोडला आमचं शेत आहे आणि शेतात सासऱ्यांनी बांधलेलं दगडी घर. मुलं बाहेरगावी गेल्यावर आम्ही दोघांनी त्यातल्या तीन खोल्या नीट करून पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. बहुतेक जण स्वामींच्या दर्शनाला निघालेले असतात, थंडीत हुरड्यासाठीही येतात. जे राहून जातात ते खूश असतात, पुन्हा येतात. पुतण्यानं हौसेनं वेबसाइट करून दिली, पण तिच्यावरून बुकिंग जवळजवळ नाहीच. लोक फोन करतात, ‘व्हॉट्सॲपवर अजून फोटो पाठवा’ म्हणतात आणि मग गप्प होतात. यांचं म्हणणं, चांगला फोटोग्राफर बोलवू. पुतण्या म्हणतो, वेबसाइटच नवीन करू. बैठकीच्या भिंतीवर सासऱ्यांचा मिलमधला फोटो आणि त्यांचा धोटा (मागावर आडवा धागा नेणारा लाकडी तुकडा) टांगलेला आहे. ते जुनाट दिसतं, काढून टाका, असंही पुतण्याचं म्हणणं. वेबसाइटचा पत्ता सोबत देते. काय करावं?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, तुमची वेबसाइट मी तीनदा पाहिली. एकदा कॉम्प्युटरवर आणि दोनदा फोनवर, कारण तुमचा पाहुणा ती फोनवरच बघणार आहे. बहुधा रात्री जेवणं उरकल्यावर, दिवसभराचा शीण अंगावर असताना. तेव्हा फोटोग्राफर लगेच बोलवू नका आणि वेबसाइटही मोडू नका. त्याआधी एक काम करा.

दुपारी निवांत बसून व्हॉट्सॲपवरची गेल्या दोन-तीन महिन्यांची बोलणी उघडा. ‘अजून फोटो पाठवा’ म्हणणाऱ्या प्रत्येकानं नेमकं काय मागितलं होतं, ते वहीत लिहून काढा. मी न बघता सांगते, त्यात बाथरूम असेल, कमोड आहे की भारतीय पद्धतीचा संडास असेल, गाडी कुठे लावायची असेल, पायऱ्या किती असतील, जेवण कसलं मिळतं हे असेल. आता तीच यादी वेबसाइटशेजारी धरून बघा. तुमच्या वेबसाइटवर एकवीस फोटो आहेत. त्यात फाटक चार वेळा आहे, गुलाबाचं झाड तीन वेळा आहे, मंदिरांचे पाच फोटो आहेत. बाथरूम एकदाही नाही.

माणूस घर भाड्यानं घेताना देखावा शोधत असतो असं आपल्याला वाटतं. खरं तर तो आधी धास्ती घालवत असतो. आईचे गुडघे दुखतात, तिला खाली बसता येत नाही. धाकटं पोर रात्री दोनदा उठतं. शहरात नळाला पाणी रोज येत नाही ही सोलापूरची ख्याती बाहेरच्यांनाही ठाऊक झाली आहे, मग शेतात काय असेल? या धास्तीला फोटोनं उत्तर दिलं, की मग तो कडुनिंबाची सावली बघायला मोकळा होतो. तुमची वेबसाइट त्याला आधी सावली दाखवते आणि प्रश्न तसेच ठेवते. म्हणून तो फोन करतो. तुम्ही घाईघाईत रात्री ट्यूबलाइटखाली काढलेला बाथरूमचा फोटो पाठवता, आणि तो गप्प होतो.

हे मी पुस्तकी सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आईला घेऊन कोकणात गेले होते. फोटोत खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसत होता. प्रत्यक्षात तो गॅलरीच्या टोकाला उभं राहून मान वळवली की दिसायचा, आणि खोलीपर्यंत चढायला बावीस पायऱ्या होत्या. आईनं तीन दिवसांत एकदाच खाली उतरून वाळूला पाय लावले. पायऱ्यांचा एक फोटो टाकला असता तर आम्ही तळमजल्यावरची खोली घेतली असती आणि त्या माणसाला दुवा दिला असता. मी आजही त्या जागेचं नाव कुणाला सुचवत नाही.

तेव्हा पहिला फोटो काढायचा तो बाथरूमचा. तिथला पिवळा बल्ब बदलून पांढरा लावा. बादली, मग आणि साबणाचे तुकडे बाहेर काढा, फरशी धुऊन पूर्ण कोरडी करा, कमोडचं झाकण खाली करा. दारात उभं राहा, पण आरशात स्वतः दिसणार नाही असं. पकडायला दांडी बसवली असेल तर ती फोटोत आलीच पाहिजे. नसेल तर बसवून घ्या, फार खर्च नाही. खाली लिहा : ‘गरम पाण्याला सोलर, ढगाळ दिवसात गीझर. पाणी बोअरचं, प्यायला फिल्टरचं.’ या दोन ओळींनी तुमचे निम्मे फोन वाचतील.

आता खोल्या. तुमच्या खोल्या फोटोत धुरकट आणि पिवळसर का दिसतात, याची कारणं दोन. पहिलं अगदी साधं आहे. फोटो तुम्ही पुतण्याला व्हॉट्सॲपवर पाठवलेत आणि त्यानं तेच वेबसाइटवर चढवले. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, त्यात बारकावे जातात. यापुढे फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा गूगल ड्राइव्हवर ठेवा. दुसरं कारण उजेडाचं. खिडकीतून येणारा उजेड निळसर, बल्बचा पिवळा. दोन्ही एकत्र आले की कॅमेऱ्याला भिंतीचा रंग कळेनासा होतो. दिवसा फोटो काढताना खोलीतले दिवे बंद ठेवा, दार-खिडक्या सताड उघडा आणि फ्लॅश कधीच वापरू नका.

सोलापूरचं ऊन मात्र मऊ नाही. ज्या खिडकीतून थेट ऊन येतं तिथे जमिनीवर पांढराफटक चौकोन पडतो आणि बाकी खोली काळी होते. म्हणून पूर्वेच्या खोलीचा फोटो दुपारनंतर घ्या, पश्चिमेच्या खोलीचा सकाळी. तरी उजेड टोचत असेल तर खिडकीवर बाहेरून पांढरं धोतर ताणून बांधा. स्टुडिओवाले त्यासाठी महागडे पडदे वापरतात, धोतर तेच काम करतं. फोन छातीच्या उंचीवर, सरळ धरा. वरून खाली झुकवला की भिंती कलल्यासारख्या दिसतात. काढण्याआधी भिंग सुती फडक्यानं पुसा. शेतातल्या फोनवर बोटांचे ठसे आणि धूळ असतेच, आणि अर्ध्या फोटोंचा धुरकटपणा तिथूनच येतो.

एक मोह टाळा. फोनमध्ये अर्धा एक्स (0.5x) नावाचं रुंद भिंग असतं. त्यानं दहा बाय बाराची खोली मंगल कार्यालयाएवढी दिसते. पाहुणा दार उघडतो तेव्हा त्याला खोली लहान झाल्यासारखी वाटते, आणि पहिल्या पाच मिनिटांत त्याचं मन खट्टू होतं. साध्या भिंगानं, कोपऱ्यात किंवा दारात उभं राहून, जेवढं येतं तेवढं घ्या. खोलीचं माप खाली लिहून टाका.

पलंगाबद्दल मला तुमच्याशी थोडं भांडायचं आहे. तुम्ही झुळझुळीत मरून सॅटिनचं अंथरूण घातलंय आणि त्यावर टॉवेलचा हंस करून ठेवलाय. असा पलंग कुठल्याही गावच्या लॉजमध्ये असतो. ताई, तुम्ही सोलापुरात आहात! भौगोलिक मानांकन मिळालेली चादर तुमच्या कपाटात घडी घालून ठेवलेली आहे, हे मी पैजेवर सांगते. पांढरी शुभ्र गादीची चादर घाला आणि पायथ्याशी सोलापुरी चादर अशी दुमडा, की एक पदर उलटा वर येईल. या चादरीच्या जकार्ड विणीत दोन्ही अंगांना नक्षी तीच येते, रंगांची मात्र अदलाबदल होते : इकडे निळ्यावर पांढरा मोर, तर तिकडे पांढऱ्यावर निळा. त्या घडीचा एक फोटो जवळून घ्या, उजेड खिडकीतून आडवा येत असताना. आडव्या उजेडात सुताचे उंचवटे दिसतात, हात लावावासा वाटतो. हा फोटो सोलापूरकरांशिवाय कुणालाच काढता येणार नाही.

मंदिरांचे पाचही फोटो आजच काढून टाकायला सांगा. ते इंटरनेटवरून घेतलेले आहेत, हे दिसतं. एक तर ते दुसऱ्याच्या मालकीचे आहेत. दुसरं जास्त गंभीर आहे. तीर्थक्षेत्रांच्या नावानं खोट्या वेबसाइट काढून आगाऊ पैसे उकळण्याचे प्रकार घडलेले आहेत, भाविक धसकलेले आहेत, आणि उचललेले फोटो हीच त्या खोट्या वेबसाइटची खूण असते. तुमचं घर खरं आहे, पण या फोटोंमुळे ते खोट्यांच्या रांगेत जाऊन बसतं. त्याऐवजी तुम्हा दोघांचा ओट्यावर उभा असलेला एक फोटो टाका. नेहमीच्या कपड्यात, कॅमेऱ्याकडे बघून. हे दोघं आपल्याला भेटणार आहेत, एवढं कळलं की आगाऊ रक्कम पाठवताना हात अडखळत नाही. सिद्धेश्वराचा फोटो हवाच असेल तर एका सकाळी तलावाच्या काठावर जा आणि पाण्यातलं मंदिर स्वतः टिपा. गाभाऱ्यात फोन नेऊ नका.

लोकांची घरं-खोल्या पाहुण्यांना भाड्यानं मिळवून देणारी एअरबीएनबी ही कंपनी आज जगभर पसरली आहे. 2009 मध्ये ती अगदी नवी होती आणि बुकिंग वाढत नव्हतं. तेव्हा तिचे संस्थापक न्यूयॉर्कला गेले, नोंदणी झालेल्या घरांत एकेक करून फिरले आणि मालकांसोबत स्वतः चांगले फोटो काढले. तिथलं उत्पन्न लवकरच वाढलं. मला यात कॅमेऱ्यापेक्षा त्यांचं घराघरात जाणं मोलाचं वाटतं. पाहुण्याला काय बघायचं असतं, हे घरात उभं राहिल्यावरच कळतं. तुम्ही तर त्याच घरात राहता. म्हणून म्हणते, पहिली फेरी तुम्हीच काढा. नंतर वाटलं तर फोटोग्राफर बोलवा. पण लग्नाचे फोटो काढणारा असेल तर त्याला आधीच सांगा की रंग भडक करायचे नाहीत, आकाश निळंशार करायचं नाही.

वेबसाइट उघडल्यावर पहिला दिसतो तो फोटो कोणता असावा? आत्ता फाटकावरची पाटी आहे. मी तिथे कडुनिंबाखालचं अंगण ठेवीन, संध्याकाळचं. सूर्य बुडाल्यावर साधारण पंधरा-वीस मिनिटांनी आकाश गडद निळं होतं आणि ओट्यावरचा दिवा त्याच्या बरोबरीनं उजळतो. त्या वेळी घराचे सगळे दिवे लावा, बाजेवर कुणाला तरी चहाचा कप घेऊन बसवा, फोन खांबाला टेकवून स्थिर धरा आणि दहा-बारा फोटो घ्या. दगडी भिंतीचा दर्शनी फोटो मात्र सकाळचा हवा, कारण तुमचं घर पूर्वाभिमुख आहे. सकाळ म्हणजे खरोखर सकाळ. थंडीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, मे महिन्यात सहाच्या आतच, आणि आठ-साडेआठनंतर उन्हाळ्यातला उजेड फोटोला निरुपयोगी होतो. आधी अंगणातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पाण्याचे जार, वाळत घातलेले कपडे आणि पाइपची भेंडोळी हलवा. बैल, कुत्रं, कोंबड्या राहू द्या.

प्रत्येक बाहेरच्या फोटोखाली महिना लिहा, ही माझी कळकळीची विनंती आहे. तुमचे शेताचे सगळे फोटो पावसाळ्यानंतरचे, हिरवेगार आहेत. एप्रिलमध्ये येणाऱ्याला नांगरलेली काळी जमीन आणि चाळीसच्या वर गेलेला पारा भेटतो. त्याला फसल्यासारखं वाटू नये. उन्हाळ्याचाही एक फोटो टाका : जाड भिंतींची बैठक, कूलर, माठ. ‘एप्रिल-मेमध्ये दुपारी बाहेर पडवत नाही, पण बैठक गार असते’ असं सरळ लिहा. अशी सांगणारी वेबसाइट लोक विश्वासानं वाचतात. पावसाळ्यात येणाऱ्याला नळदुर्ग सुचवा. बोरी नदी भरली की किल्ल्यातल्या पाणी महालावरून नर-मादी धबधबे कोसळतात, आणि तुमच्याकडून तिथे जाऊन संध्याकाळी परतता येतं. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा असते. नंदीध्वजांची मिरवणूक बघायला येणाऱ्यांना खोली हवी असते, आणि ते डिसेंबरातच शोधायला लागतात. तोवर ती माहिती वर आलेली असू द्या.

हुरड्याचा फोटो तुमच्याकडे आहे, पण तो ताटाचा आहे. ताटात हुरडा कुठलाही सारखाच दिसतो. त्याऐवजी आगटीशी बसा. गोवऱ्यांच्या निखाऱ्यातून कणीस बाहेर आलं की ते हाताला सोसत नाही. भाजणारा ते या हातातून त्या हातात टाकत चोळतो, राख आणि कोंडा उडतो आणि ओंजळीत हिरवे, वाफाळते दाणे उरतात. तो क्षण टिपा. फोन जमिनीपासून वीतभर वर, उन्हाची तिरीप धुरामागून येईल अशा बाजूला. चेहरा नसला तरी चालेल, हात पुरेत. शेजारी शेंगा चटणीची वाटी आणि गुळाचा खडा असू द्या. खाली ज्वारीचं वाण लिहा, गुळभेंडी असेल तर गुळभेंडी. पुण्याच्या माणसाला त्या शब्दानंच पाणी सुटतं. जेवणाचा एक फोटो वेगळा घ्या, त्यात कडक भाकरी दिसलीच पाहिजे.

पाहुण्यांच्या मुलांचे चेहरे तुमच्या वेबसाइटवर आहेत. आईवडिलांना विचारलं नसेल तर ते काढा. हे मी अजिबात सौम्यपणे सांगत नाही.

पुतण्याच्या वाटणीची कामं थोडी आहेत. त्यानं मेहनत घेतली आहे, पान सुबक झालंय, त्याला नाउमेद करू नका. फोटोंची लांब बाजू 1600 पिक्सेलच्या आसपास आणि प्रत्येक फाइल 300 केबीच्या आत आणली की शेतातल्या रेंजवरही पान झटकन उघडेल. आत्ता माझ्या फोनवर ते उघडायला इतका वेळ लागला की दुसरा कुणी तर परत गेला असता. आपोआप सरकणारी चित्रपट्टी आणि सुरू होणारं संगीत बंद करायचं. फोन नंबर चित्रात लिहिला आहे, त्यावर बोट ठेवलं तर काहीच होत नाही. तो दाबताच फोन लागला पाहिजे. भाडं लिहा. ‘भाड्यासाठी संपर्क साधा’ वाचून निम्मे लोक संपर्क साधतच नाहीत. नकाशावरची खूण फाटकावर येते का ते स्वतः गाडी चालवत तपासा, आणि हमरस्त्यावरून आत वळायच्या जागेचा एक फोटो टाका, दिवसाउजेडी. एवढंच नव्हे, गूगल मॅपवर घराची नोंद मोफत करता येते. तिथेही हेच फोटो हवेत.

आणि मजकूर. ‘निसर्गाच्या सान्निध्यात आलिशान निवासाचा अविस्मरणीय अनुभव’ हे वाक्य खोडा. तिथे असं काही लिहा : ‘शेतातलं दगडी घर. तीन खोल्या, तिन्ही तळमजल्यावर, अंगणातून आत यायला दोन पायऱ्या. सकाळी पोहे किंवा उप्पीट, दुपारी-रात्री भाकरी, सांगितल्यास पुरणपोळी. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, प्रत्येक ठिकाणी एका दिवसात जाऊन येता येईल.’ तुमच्याकडे कलबुर्गी आणि हैदराबादकडून येणारेही असतीलच. हेच चार वाक्यांत कन्नड आणि तेलुगूत लिहून घ्या. सोलापुरात ते लिहून देणारा माणूस शोधायला गल्ली ओलांडावी लागत नाही.

राहिला धोटा. ताई, तो भिंतीवरून हलवू नका. पुतण्याचा जन्म झाला तोवर मिलच्या भोंग्यांवर जागं होणारं सोलापूर सरलं होतं, म्हणून त्याला ते जुनं सामान वाटतं. तुमच्या पाहुण्यांपैकी कितीतरी जणांचे आजोबा मिलमध्ये होते, इथल्या नाही तर मुंबईच्या. फोटोच्या काचेवर खिडकीचं प्रतिबिंब पडतंय, तेवढं टाळा. किंचित बाजूला उभं राहा. धोटा खाली काढून ओट्यावर ठेवा आणि एकदा जवळून टिपा. लाकूड हाताच्या घामानं जिथे गुळगुळीत, काळपट झालंय ती बाजू वर, आत कांडी असेल तर ती कांडी दिसेल अशी. मग पुन्हा जागच्या जागी टांगा. फोटोखाली सासऱ्यांचं नाव, ते कोणत्या खात्यात होते आणि त्या पगारातून हे घर कधी उभं राहिलं, एवढं लिहा. ते मात्र तुमच्या यजमानांकडूनच लिहून घ्या.